वाचकांचे प्रश्न : जागलीवरचा रेडिओ

मागच्या अंकात बिनटॉवरच्या नेटवर्कबद्दल चार ओळी टाकल्या होत्या. मोबाईल अॅड हॉक नेटवर्क म्हणतात त्याला, मधे टॉवर नाही, राउटर नाही, प्रत्येक यंत्र स्वतःचं बोलतं अन् दुसऱ्याचा निरोपही पुढं ढकलतं. मला वाटलं होतं कोणी वाचणार नाही, पण पत्रं आली, व्हॉट्सअॅप आले, एक भाऊ तर थेट दुकानावर येऊन बसले. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येऊन राहिला, बॅटरी. रेंज विचारणारे दोनच निघाले. म्हणून या वेळचं पान पूर्ण बॅटरीलाच दिलं. पत्रं थोडी छाटली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : आमचं वावर गावापासून अडीच किलोमीटर. रोही अन् रानडुकरं तूर ठेवत नाहीत. झटका मशीन लावली, पण तार कुठं तुटली तर सकाळी गेल्यावरच कळते. पुतण्यानं चार वायफायचे बोर्ड आणले, ईएसपी ८२६६ का काय ते. एक बोर्ड दुसऱ्याला सांगेल, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप घरी येईल म्हणे. एका सेलच्या छोट्या पॉवर बँका लावल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारी चारही बंद. त्या रात्री तार तुटलीच नव्हती, एकही निरोप गेला नाही, मग बॅटरी खाल्ली कोणं?
— शेतकरी, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. निरोप गेला नाही तरी बॅटरी गेली, म्हणजे ती निरोपानं खाल्लीच नाही. वाट पाहण्यानं खाल्ली.

तुम्ही जागलीला जाता ना? रात्रभर मचाणावर बसलात अन् एकही डुक्कर आलं नाही, तर सकाळी घरी येऊन तुम्ही म्हणता का की आज काही झालंच नाही, मी ताजातवाना आहे? उलट डुक्कर आलं असतं, चार हाका मारल्या असत्या, फटाका फोडला असता तरी थकवा तेवढाच. थकवा जागण्याचा असतो. रेडिओचं अगदी तसंच आहे, त्याला माहीत नसतं की शेजारचा बोर्ड केव्हा बोलेल, म्हणून तो कान उघडे ठेवून बसतो, आणि कान उघडे ठेवायला आतलं बहुतेक सर्किट चालूच ठेवावं लागतं.

हे मी माझ्या मनानं नाही सांगत. २००१ साली स्वीडनमधल्या लॉरा फीनी आणि मार्टिन निल्सन या दोघांनी लॅपटॉपमधे खोचायचं त्या काळचं २ एमबीपीएसचं वायफाय कार्ड घेऊन अॅड हॉक मोडमधे मोजून पाहिलं. बोलताना २८० मिलीअँपिअर, ऐकताना २०४, आणि काहीच न करता नुसतं बसल्यावर १७८. झोपवलं तर १४. आता १७८ आणि २०४ मधे फरक तो किती? म्हणजे निरोप आला काय अन् नाही आला काय, कार्डाला सारखंच. खरी उडी आहे ती १७८ वरून १४ वर. कार्ड जुनं झालं, आकडे लहान झाले, पण हे नातं आजच्या चिपमधेही तसंच दिसतं.

तुमचा हिशोब करून पाहू. एक सेल २६०० एमएएचचा धरा, पॉवर बँक त्याचे ५ व्होल्ट करते त्यात हाती १६०० च्या आसपास येतात. बोर्ड वायफाय चालू ठेवून जागा राहिला की सरासरी ७०-८० मिलीअँपिअर घेतो. भागाकार करा, वीस-बावीस तास. संध्याकाळी लावले असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडणारच, बोर्ड खराब नाहीत, पुतण्याला बोल लावू नका.

याच चिपला डीप स्लीप म्हणून एक अवस्था आहे, त्यात नुसती चिप २० मायक्रोअँपिअरवर येते, म्हणजे जागेपणीच्या काही हजाराव्या भागावर. तारेजवळचा बोर्ड झोपवता येतो, कारण त्याला कोणाचं ऐकायचं नाही, तार तुटली की त्याच्या पायाला (पिनला) सिग्नल द्या, तो उठेल, ओरडेल, परत झोपेल. पण मधल्या बोर्डांचं काय? तो ओरडेल तेव्हा मधला झोपलेला असेल तर ऐकणार कोण? या नेटवर्कमधली खरी अडचण हीच आहे, आणि पंचवीस वर्षं जगभरचे लोक यावरच डोकं खपवून राहिले.

एक उपाय म्हणजे सगळ्यांनी ठरवून एकाच वेळी उठायचं, दर दहा मिनिटांनी पाच सेकंद. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्येक बोर्डाचं घड्याळ थोडं पुढं-मागं धावतं. चांगल्या क्रिस्टलचं घड्याळसुद्धा वीस पीपीएम (दहा लाखात वीस) चुकीचं असलं तर दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं. ईएसपीच्या आतलं झोपेतलं घड्याळ तर त्याहून कितीतरी वाईट, ऊन तापलं की वेगळंच धावतं. मग एक उठतो तेव्हा दुसरा झोपतो. म्हणून निरोपासोबत वेळही पाठवायची अन् दर वेळी घड्याळ जुळवून घ्यायचं.

मी हे केलंय, संत्र्याच्या बगिच्यात, सहा बोर्ड. घड्याळं जुळली, झोप-जाग बरोबर जमली, आणि तरी पहिल्या तासातच सगळं बंद. दोन दिवस कोड शोधत बसलो. शेवटी कळलं की पॉवर बँक शहाणी असते, तिला वाटतं फोन भरला, करंट फार कमी झाला की ती स्वतःच बंद होते. बोर्ड झोपला अन् पॉवर बँकेनं त्याला कायमचं झोपवलं. म्हणून पॉवर बँक नकोच, सुटा सेल, होल्डर, आणि कमी खाणारा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. तुमच्याकडं झटका मशीनची १२ व्होल्टची बॅटरी आहेच, तिच्यावर लावायचं असेल तर बक कन्व्हर्टर (वीज फार न घालवता व्होल्ट उतरवणारा) लावा, तीन पायाचा ७८०५ रेग्युलेटर लावू नका, तो १२ चे ५ करताना निम्म्याहून जास्त वीज नुसती गरम होऊन घालवतो. आणि अँटेना झटक्याच्या तारेपासून लांब.

आणखी एक, अडीच किलोमीटर चार वायफाय बोर्डांत होणार नाही, तूर डोक्याइतकी झाली की तर नाहीच. पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : मी लोरा मोड्यूल (कमी विजेत लांब पोचणारे रेडिओ) घेतलेत. घर ते बगिच्यातली विहीर दोन किलोमीटर. एकानं सांगितलं, जोरात एकच फेक करण्यापेक्षा मधे दोन-तीन नोड (साखळीतली यंत्रं) टाका, लहान लहान फेकीला बॅटरी कमी लागते, फिजिक्सच तसं आहे म्हणे. खरं का?
— संत्रा बागायतदार, ता. वरूड

उत्तर : फिजिक्स खरं आहे, सल्ला खोटा आहे.

मोकळ्या हवेत अंतर निम्मं केलं तर ताकद पाव लागते. जमिनीलगत, पिकावरून जाणाऱ्या सिग्नलला तर अंतराच्या चौथ्या घाताचा नियम जवळचा बसतो, म्हणजे निम्म्या अंतराला सोळावा हिस्सा. त्यामुळं कागदावर लहान फेकी फार स्वस्त दिसतात, आणि या विषयावरच्या सुरुवातीच्या कितीतरी पेपरात हाच मोह दिसतो.

पण आपण बॅटरीतून काय जातं ते बघू. एसएक्स १२७६ ही चिप धरा, बहुतेक स्वस्त मोड्यूलवर तीच किंवा तिची बहीण असते. पूर्ण ताकदीनं, म्हणजे २० डीबीएमला (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचं माप), बोलताना १२० मिलीअँपिअर. १३ डीबीएमला २९. ऐकताना ११ च्या आसपास. आता समजा दिवसाला १०० निरोप, प्रत्येक एक सेकंदाचा. पूर्ण ताकदीनं बोललात तर दिवसाचा खर्च साडेतीन एमएएचसुद्धा नाही. कमी ताकदीनं बोललात तर पाऊण-एक. म्हणजे लहान फेकीनं वाचले अडीच एमएएच. आणि त्यासाठी मधे जो नोड बसवला तो चोवीस तास ऐकत बसला तर ११ गुणिले २४, २६४ एमएएच! अडीच वाचवायला दोनशे चौसष्ट खर्च. आमच्याकडं याला चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात.

म्हणून एका फेकीत पोचत असेल तर एकाच फेकीत पोचवा. त्यासाठी ताकद वाढवण्याआधी बांबू वाढवा. अँटेना विहिरीच्या मोटरघराच्या पत्र्याखाली ठेवू नका, संत्र्याच्या शेंड्यांच्या वर काढा, पंधरा-वीस फुटावर गेली की जो फरक पडतो तो कुठल्याही सेटिंगनं पडत नाही, आणि बांबू एक मिलीअँपिअरसुद्धा खात नाही. पावसाळ्यात पानं ओली असतात तेव्हा तर हे फारच जाणवतं.

दुसरं म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, निरोप हवेत किती ताणून पाठवायचा तो आकडा. लोक घाबरून सरळ १२ वर ठेवतात. वीस बाइटचा निरोप ७ वर ५०-६० मिलीसेकंदात जातो, १२ वर त्यालाच सव्वा सेकंद लागतो. वीसपट वेळ रेडिओ तापलेला. पोचत असेल तेवढ्या लहान आकड्यावर ठेवा.

आणि मधे नोड ठेवायचाच झाला, टेकाड आडवं आहे वगैरे, तर त्याला सतत ऐकू देऊ नका. एक जुनी युक्ती आहे, हाक लांबवायची. ऐकणारा दर दोन सेकंदाला दहा मिलीसेकंद कान उघडतो, हवेत काही चालू आहे का एवढंच हुंगतो, नसेल तर झोपतो. बोलणारा आपल्या निरोपाच्या आधी दोन सेकंदाहून थोडी लांब नुसती हाक देतो, बांधावरून आपण देतो तशी, एऽऽऽ, म्हणजे मधल्यानं केव्हाही कान उघडला तरी हाक सापडतेच, मग तो पूर्ण जागा होऊन निरोप घेतो. बर्कलेच्या लोकांनी २००४ मधे बी-मॅक म्हणून हे नीट बांधून दाखवलं, आणि लोराच्या चिपमधे तर हाक हुंगायची सोय आतच दिलेली आहे, चॅनल अॅक्टिव्हिटी डिटेक्शन नावानं. हिशोब बघा, दोन सेकंदात दहा मिलीसेकंद म्हणजे अर्धा टक्का, २६४ चे झाले सव्वा-दीड. कंट्रोलरचं, म्हणजे बोर्डाच्या मेंदूचं, उठणं-बसणं धरून तिप्पट करा, तरी पाच. बोलणाऱ्याचा खर्च वाढला, दिवसाला सहा-सात एमएएच जास्त, पण तो परवडतो. ज्याला गरज आहे त्यानं जास्त ओरडावं, ऐकणाऱ्याला झोपू द्यावं.

मेशटास्टिक वापरायचा विचार असेल (२०२० पासून आलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, लोरावर निरोपाची साखळी करतं, न सांगता तीन उड्यांपर्यंत नेतं), तर बोर्ड घेताना ईएसपी ३२ चा नको, एनआरएफ ५२८४० चा घ्या. रेडिओ तोच असतो, पण सोबतचा मेंदू जागा राहायला कितीतरी कमी खातो. सोलरवर ठेवायचं असेल तर हाच फरक शेवटी कामी येतो. सेटिंगमधे देश भारत निवडायला विसरू नका, आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय चालतो, ट्रान्समीटर एक वॅटच्या आत. मोड्यूल ४३३ चं आलं असेल तर बदलून घ्या.

प्रश्न : सर मी बी.ई. शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे अॅड हॉक नेटवर्कमधे ऊर्जा वाचवणारं राउटिंग, म्हणजे निरोपाची वाट ठरवणं. गाईड म्हणतात एओडीव्ही आणि ओएलएसआर या दोन राउटिंग पद्धतींची तुलना कर. सिम्युलेशन केलं, माझ्या बदललेल्या एओडीव्हीनं ४० टक्के ऊर्जा वाचली असं येतंय. मैत्रीण म्हणते एवढं येऊच शकत नाही. कोण बरोबर?
— विद्यार्थिनी, पुसद

उत्तर : मैत्रीण. पण तुझीही चूक फार नाही, अनेकांची हीच झाली आहे.

आधी स्क्रिप्ट उघड आणि आयडल पॉवर, म्हणजे नुसतं बसल्यावरचा खर्च, किती ठेवली आहेस ते बघ. शून्य असेल किंवा ऐकण्याच्या मानानं अगदी नगण्य असेल तर सिम्युलेटरला वाटतं की रेडिओ न बोलता बसला म्हणजे फुकटात बसला. मग जे राउटिंग दोन पॅकेट कमी पाठवतं ते हिरो ठरतं. आता आयडलला ऐकण्याच्या पंच्याऐंशी-नव्वद टक्के दे, वर फीनी-निल्सनचे आकडे आहेतच, आणि परत चालव. तुझे ४० टक्के बहुतेक दोन-तीनवर येतील. रडू नकोस, हाच तुझ्या रिपोर्टचा सगळ्यात चांगलं पान होईल, दोन्ही आलेख शेजारी शेजारी लाव आणि व्हायवाला एक्सटर्नलनं विचारायच्या आधी तूच सांग.

तुलनेबद्दल थोडक्यात. एओडीव्ही (आरएफसी ३५६१, जुलै २००३) गरज पडली की रस्ता शोधतं, सगळ्या गावात दवंडी पिटतं आणि रस्ता सापडला की गप्प. ओएलएसआर (आरएफसी ३६२६, ऑक्टोबर २००३) रस्ते आधीच तयार ठेवतं, त्यासाठी दर दोन सेकंदाला हॅलो आणि दर पाच सेकंदाला टोपॉलॉजीचा निरोप. निरोप क्वचित जाणारे असतील तर एओडीव्ही, सारखे आणि सगळीकडं जाणारे असतील तर ओएलएसआर, असं ढोबळमानानं म्हणता येतं. पण हॅलो दर दोन सेकंदाला आला म्हणजे शेजाऱ्यालाही झोपता येत नाही, हा खर्च कुठल्या पॅकेटच्या नावावर मांडायचा ते ठरव, कारण सिम्युलेटर तो आपणहून मांडणार नाही.

ओएलएसआरमधे एक छान गोष्ट आहे जी पोरं वाचतच नाहीत. विलिंगनेस म्हणून एक रकाना आहे, ० ते ७. प्रत्येक नोड आपल्या हॅलोमधे सांगतो की दुसऱ्याचं ओझं वाहायची माझी किती तयारी आहे. ७ म्हणजे केव्हाही सांगा, ० म्हणजे माझ्यावर टाकू नका, न सांगता ३. बॅटरी उतरत जाईल तसा हा आकडा खाली आण, एवढ्या एका बदलावर तुझा प्रोजेक्ट उभा राहू शकतो.

प्रश्न : आमच्या गावात पोट्ट्यांनी घराघरावर असे नोड लावून राहिले. आमचं घर नेमकं गावाच्या मधोमध. सगळ्यायच्या घरचे निरोप आमच्या डब्ब्यातून जाते अन् आमचाच डब्बा आधी बंद पडते. शेजारी हसते. हे काय न्याय झाला?
— एक त्रासलेले गृहस्थ, ता. दर्यापूर

उत्तर : बाप्पा, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे, शास्त्रातही तिची नोंद आहे. सगळ्यात जवळचा रस्ता सगळ्यांना मधल्यातूनच दिसतो, म्हणून मधला आधी मरतो, आणि मधला मेला की नेटवर्कचे दोन तुकडे, काठावरच्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या असून उपयोग शून्य. १९९८ मधे सिंग, वू आणि राघवेंद्र या तिघांनी हेच मांडलं की सगळ्यात कमी ऊर्जेचा रस्ता शोधू नका, ज्याच्याजवळ बॅटरी उरली आहे त्याच्या अंगणातून जाणारा शोधा, भले दोन घरं वळसा पडो.

दोन हजार साली एमआयटीतल्या वेंडी हाइन्झेलमन आणि सोबत्यांनी लीच नावाची पद्धत काढली, त्यात सगळ्यांचे निरोप गोळा करून पुढं पाठवणारा म्होरक्या ठरलेला नसतोच, पाळीपाळीनं बदलतो. पाळी तर आपल्याला काही नवी नाही, कालव्याच्या पाण्याची असते, जागलीची असते, पोळ्याच्या तोरणाची असते. पोरांना सांगा की तुमच्या दोन्ही बाजूच्या घरांचे नोडही वाटेवर घ्या आणि आठवडे वाटून द्या.

नाहीतर सरळ उपाय, तुमच्या डब्याला घरातली लाइन द्या अन् बॅटरी फक्त लाइट गेल्यावरची ठेवा. ब्लूटूथ मेशमधे हेच अधिकृतपणे केलं आहे. तिथं लाइनवरचा नोड फ्रेंड होतो, बॅटरीवरच्या गरीब नोडचे निरोप त्याच्या नावानं सांभाळून ठेवतो, तो गरीब केव्हातरी उठून विचारतो, माझं काही आलं का? मित्र काढून देतो. आपण शेजाऱ्याचं पार्सल घेऊन ठेवतो तसं. मात्र लाइटबिल महिन्याला दोन-चार रुपये पडेल, ते पोरांकडून मागू नका, बरं दिसत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आमचा संपर्क तुटतो, टॉवरही बंद पडतो. टॉवरशिवाय ब्लूटूथवर निरोप जाणारी अॅप निघालीत असं ऐकलं. सगळ्यांच्या फोनमधे टाकून ठेवू का? लाइट नसते, फोन चार्ज करायचे वांधे.
— शिक्षिका, भामरागड तालुका

उत्तर : ताई, टाकून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण सांगतो.

पहिलं म्हणजे टॉवर गेला की फोन शांत बसत नाही. तो वेड्यासारखा टॉवर शोधतो. टॉवर जवळ असताना फोन अगदी हळू बोलतो, लांब गेला की ताकद वाढवत वाढवत ४जीला २०० मिलीवॅटपर्यंत जातो. रेंज पूर्ण गेली की तो आपल्याकडचे सगळे पट्टे फिरून फिरून धुंडाळतो. म्हणून पुराच्या दिवसात पहिली गोष्ट, टॉवर बंद दिसला की फोन विमान मोडवर. मग त्यातच ब्लूटूथ वेगळं चालू करता येतं. एवढ्यानंच फोन कितीतरी जास्त टिकेल. हॉटस्पॉट तर अजिबात लावून ठेवू नका, हॉटस्पॉटवाल्या फोनला दुसरा कोणी केव्हा येईल या आशेवर सतत जागं राहावं लागतं.

दुसरं, ब्लूटूथचा पल्ला घरा-भिंतीत दहा-तीस मीटर, मोकळ्यात थोडा जास्त. २०१४ मधे हाँगकाँगच्या आंदोलनात फायरचॅट नावाचं असलंच अॅप फार वापरलं गेलं, पण तिथं रस्त्यावर माणसाला माणूस लागून होता. तुमच्याकडं एक टोला (वस्ती) अन् दुसरा टोला यांच्यात मैल-मैल जंगल. साखळीच जुळणार नाही, आणि सगळे फोन मात्र एकमेकांना शोधत बॅटरी जाळत बसतील.

मग साखळीऐवजी पोष्टमन करा. जो माणूस डोंग्यातून पलीकडं जातो, त्याच्या फोनवर सगळ्यांचे निरोप चढवून द्या, तो तिकडं पोचला की त्याच्या फोनवरून उतरतील. हे काही मी गमतीनं सांगत नाही. एमआयटीच्या लोकांनी डाकनेट नावानं भारतातच कर्नाटकात करून दाखवलं होतं, बसमधे वायफायचं यंत्र, बस गावात आली की गावाचा डेटा बसवर चढायचा, तालुक्याला गेली की उतरायचा. केनियात प्रिन्स्टनवाल्यांनी झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे घातले, दोन झेब्रे जवळ आले की एकमेकांची नोंद घ्यायचे, शास्त्रज्ञाची गाडी एखाद्याच झेब्र्याजवळ गेली तरी बऱ्याच झेब्र्यांची माहिती हाती यायची. पट्ट्यावर सोलर होतं, तरी रेडिओ सतत चालू नव्हता, ठरलेल्या वेळीच एकमेकांना शोधायचे.

ते ठरलेल्या वेळेचं तुम्हीही करा. प्रत्येक टोल्यात एकच फोन निरोपाचा. सकाळी आठ ते आठ दहा, संध्याकाळी सहा ते सहा दहा, तेवढाच वेळ ब्लूटूथ चालू, बाकी बंद. दिवसाच्या १४४० मिनिटातली वीस. जोडीला लोराचे दोन-तीन छोटे सेट मिळवता आले, एक शाळेच्या गच्चीवर अन् एक पलीकडच्या उंचीवर, तर खरंच बोलणं होईल, पण ते जूनच्या आधी लावून, एकदा पावसात तपासून ठेवायचं. पूर आल्यावर डबा उघडला तर काही होत नाही.

प्रश्न : सोलरवरचा नोड पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. मे महिन्यात बॅटरी फुगली. हिशोबात तर काही चूक नव्हती.
— दुकानदार, ब्रह्मपुरी

उत्तर : हिशोबात ऊन धरलं नव्हतं. लिथियम आयनचा सेल साधारण ४५ अंशाच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात, आणि ब्रह्मपुरीत सावलीतच तेवढं असतं, पत्र्याच्या डब्यात तर भाकर भाजून निघेल. वर सोलर नेमकं त्याच वेळी जोरात भरून राहिलं. डबा प्लॅस्टिकचा, पांढरा, खालून भोकं पाडलेला, सोलर पॅनेलच्या सावलीत अन् पॅनेलपासून चार बोटं सोडून. सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचा घेतलात तर उन्हाला जरा बरा तग धरतो. फुगलेला सेल टोचून पाहू नका, घरात ठेवू नका.

झडीचाही हिशोब ठेवा. सहा दिवस झड लागली की पॅनेल असून नसल्यासारखं. सतत ऐकणारा लोरा नोड दिवसाला २६४ म्हणजे सहा दिवसाला १६०० एमएएच नुसत्या रेडिओचे, मेंदूचे वेगळे. झोपणारा असेल तर हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : बोर्डावर एक लाल दिवा सारखा जळत असतो. तो काढला तर चालतं का?
— आयटीआयचा विद्यार्थी, मूर्तिजापूर

उत्तर : काढच. तो पाच मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला १२०, म्हणजे वर सांगितलेल्या हाक हुंगणाऱ्या नोडच्या पूर्ण खर्चाच्या वीसपट नुसता दिवा खातो, आणि रात्री वावरात तो पाहायला असतं कोण, एक तर डुक्कर नाहीतर चोर. बारीक टोकाची सोल्डरिंगची कावी घे, दिव्याच्या दोन्ही टोकाला एकदम गरम कर, चिमट्यानं उचल. फक्त त्याच्या शेजारी तेवढाच एक रेझिस्टर असतो, घाईत भलताच उपटू नकोस. मी उपटलाय, रीसेटच्या लाइनचा होता.